रामदेईची जीभ

वैशाखातली पहाट होती. यमुनेचे पात्र आटून निम्मी वाळू उघडी पडली होती. काठावरच्या बेहडांत, म्हणजे पावसाने शेकडो वर्षे पोखरून ठेवलेल्या त्या पिवळ्या मातीच्या घळींत, आदल्या दिवसाचा उकाडा अजून कोंडलेला होता. आणि त्या घळींच्या माथ्यावर, तीन अंगांनी तुटलेल्या कड्यावर, कुंडौलची गढी आपला भगवा झेंडा सांभाळून उभी होती. वारा नव्हता. झेंडा काठीला चिकटून लोंबत होता.

इटावा प्रांत म्हणजे दोन नद्यांच्या कात्रीत सापडलेली जमीन. एका अंगाला यमुना, दुसऱ्या अंगाला चंबळ. पुढे पचनद्याला दोघींची गाठ पडते आणि आणखी तीन नद्या त्यांना येऊन मिळतात. चंबळेत सुसरी, बेहडांत बागी दरोडेखोर. इथल्या लांब कानांच्या यमुनापारी शेळ्या दुधाला उदार, इथले तूप नावांत भरून दूरदेशी जाते, आणि इटाव्याच्या घाटांपासून तिथल्या जुन्या मशिदीपर्यंत कापसाचे नि निळीचे व्यापारी फिरत असतात. पण या प्रांताचे खरे धन, ज्या मातीला कोणी हात लावू इच्छीत नाही त्या मातीत आहे. गोठ्यांच्या, तबेल्यांच्या, पडक्या भिंतींच्या बुडाशी जनावरांचे मूत वर्षानुवर्षे मुरते, उन्हाळ्यात तिथे पांढरी खपली फुलते. ती खरवडायची, पाण्यात गाळायची, कढवायची, निववायची, की शोरा तयार. शोऱ्यावाचून तोफेची दारू नाही आणि दारूवाचून तोफ म्हणजे नुसते पितळी भांडे. दिल्लीच्या वजिरापासून कलकत्त्याच्या टोपीकरापर्यंत सर्वांना शोरा हवा. तो करणारे लोनिये मात्र कोणालाच नकोत.

ही कथा सांगताना माझे तोंड कडू होते, हे आधीच कबूल करतो. तिच्यात शौर्य आहे, पण ते शोधायला घाण उपसावी लागते.

पानिपतावर जे व्हायचे ते त्या वर्षीच्या संक्रांतीला होऊन गेले होते. अंतर्वेदीतली आपली ठाणी एकामागून एक उठली. कुंडौल राहिले, ते किल्लेदार हैबतराव निंबोळे यांच्या हट्टामुळे. गढीत तीनशे माणूस, आठ तोफा, आणि खालच्या चौकात, गढीचे सगळे सांडपाणी ज्या मोरीने वाहत येते त्या मोरीच्या तोंडाशी, आसऱ्याला आलेली लोनियांची तीस घरे. बिरौलीचा राजा दलगंजनसिंह याने दोन महिन्यांपूर्वी वेढा घातला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांची वस्ती जाळली होती.

वेढा आवळला गेला होता, तरी रोज सकाळी एक कावड गढीतून निघे, यमुनेवर जाई आणि भरून परत येई. ती दारूखान्याचे दारोगा भिकाजीपंत यांची. मागल्या दसऱ्याला शस्त्रपूजा झाल्यावर पंतांनी दारूखान्यात देवीची स्थापना केली आणि तो सोवळ्यात घेतला. आत जाणार ते एकटे पंत, तेही स्नान करून, ओलेत्याने. किल्लेदारांनीही उंबरा ओलांडायचा नाही. देवीला पाणी हवे ते यमुनेचेच, म्हणून तांब्याचे चार हंडे, तोंडे सोवळ्याच्या कापडाने बांधलेली, रोज जात-येत. पहारेकरी त्यांना हात लावीत नसत, आणि दलगंजनसिंहाचे राजपूतही बाजूला होऊन नमस्कार करीत. "शत्रू असला तरी धर्म जाणतो हो!" असे आपले लोक कौतुकाने म्हणत. शत्रूच्या धर्माचे कौतुक करण्याइतकी माणसे सुस्त झाली, की समजावे घरात चोर शिरला आहे.

आणखी एक लहानशी गोष्ट. पंधरा दिवसांपासून मुदपाकखान्यात मीठ नव्हते. शिपाई अळणी भाकरी गिळत होते. मीठ कुठे गेले, हे विचारले कोणी नाही. वेढ्यात जिन्नस संपतातच.

त्या पहाटेच्या दोन दिवस आधी राजपूतांनी पूर्व बुरुजावर चाल केली होती. गोलंदाज तुळोजीने तीन तोफांना बत्ती दिली. तिन्ही नुसत्या फुसफुसल्या. एकीचा गोळा तोंडातून घरंगळून खंदकात पडला. शेवटी भाल्यांनी नि दगडांनी हल्ला परतवावा लागला, आणि बावीस माणसे कापली गेली. दारू नासकी कशी निघाली, असा बोभाटा होताच पंतांनी हात जोडून सांगितले, "दारू शोऱ्याची, आणि शोरा त्या लोनिणीचा. तिने मीठ मिसळले. मी तर देवीचा सेवक." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. किल्लेदारांनी लोनियांची मुख्य रामदेई हिला कडेलोटाची शिक्षा फर्माविली. आज दोन प्रहरी ती अमलात यायची होती.

रामदेई पन्नाशीची विधवा. उंच, काटकुळी, हाताची बोटे खाऱ्या मातीने फाटलेली. साऱ्या परगण्यात तिच्या जिभेचा दबदबा होता. चिमूटभर माती जिभेवर ठेवली, की ती कुठल्या भिंतीची, तीत शोरा किती, मीठ किती, हे ती सांगे. तिने 'हो' म्हटल्याशिवाय लोनिये कुदळ उचलीत नसत. शोरा जिभेला गार लागतो, मीठ लागत नाही, एवढेच तिचे शास्त्र. तिला मरणाचे भय नव्हते असे मी म्हणणार नाही, सगळ्यांना असते. पण तिच्या काळजात सलत होते ते दुसरेच. रामदेईच्या शोऱ्यात मीठ निघाले, हा डाग राहिला तर तिच्या मागे त्या तीस घरांच्या हाताचा शोरा कोण घेणार?

दिवस वर आला. सदरेवर हैबतराव लोडाला टेकून बसले होते, शेजारी भिकाजीपंत, कपाळावर गंध, अंगावर रेशमी उपरणे, आणि अंगणात, पायऱ्यांपासून वीस हात दूर, तिच्या जातीने राखायच्या अंतरावर, दोरीने बांधलेली रामदेई.

तुळोजी पुढे होऊन मुजरा करून म्हणाला, "किल्लेदारसाहेब, एक अर्जी आहे. उद्या पहाटे पुन्हा चाल होणार, ही बातमी पक्की आहे. बाईला लोटण्याआधी दारू तरी तिला चाखवावी. खोट कुठे आहे ते कळेल."

"शिव शिव!" पंत कानांवर हात ठेवीत उद्गारले. "देवीपुढची दारू हिच्या उष्ट्या तोंडाला लावायची? तुळोजी, पानिपतावर एवढे झाले ते अशाच अनाचाराने!"

"देवीपुढची नव्हे, माझ्या तोफेची," तुळोजी म्हणाला, आणि शिंगातली दारू त्याने एका पानावर ओतून रामदेईपुढे ठेवली. हात बांधलेले होते. ती गुडघ्यांवर बसली, वाकली, आणि जिभेने तिने ती काळी पूड उचलली. सदरेवरच्या दोघातिघांनी तोंडे फिरवली. बावीस प्रेते पाहताना यांच्यातल्या एकाचेही तोंड फिरले नव्हते.

रामदेई थुंकली. "सरकार, जे हमाओ सोरा नाहीं. हमाओ सोरा जीभ पै धरो तो कुआँ को पानी लगत है. जे तो नोन है. रोटी को नोन."

"ऐका!" पंत हसले. "मीठ आहे, हे तीच कबूल करते आहे. घालणारीही तीच."

हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला. माणूस वाईट नव्हता. तलवारीपुढे छाती काढणारा, मांडीत गोळी शिरली असता घोड्यावरून न उतरलेला. पण सोवळ्याचा प्रश्न निघाला, की त्या छातीचे पाणी होई. "बाई," ते म्हणाले, "पंतांचे म्हणणे वावगे नाही. तुझ्याजवळ पुरावा काय?"

रामदेईने चौकाकडे मान वळवली. मग म्हणाली, "गोला लाओ. कल्ल जो बैरी ने मारो तो, और फूटो नाहीं."

काल राजपूतांनी टाकलेला एक कुलपी गोळा, म्हणजे पोटात दारू भरून वात लावलेला, चौकात पडून न फुटता राहिला होता. भीतीने कोणी जवळ गेले नव्हते. वरून एक टोपली पालथी घातली होती, जणू ती कोंबडी. तुळोजीने तो छातीशी धरून आणला. सदर पाहता पाहता रिकामी झाली. पंत खांबाआड, इतर पंतांच्या आड. हैबतराव मात्र जागचे हलले नाहीत, हे नमूद केले पाहिजे.

"हात खोलो," रामदेई म्हणाली. तुळोजीने दोरी कापली. तिने गोळा मांडीवर घेतला. एका ठिणगीचे काम होते. तुळोजीने लाकडी खुंटीने वातीची गुडदी, म्हणजे भोकाचे बूच, सैल केली, रामदेईने दातांनी ती ओढून काढली, आणि गोळ्याच्या भोकाला तोंड लावून आतली दारू जिभेवर घेतली. तिच्या गालांची हालचाल तेवढी दिसत होती.

हळूहळू तिचा चेहरा बदलला. आपले हरवलेले जनावर दुसऱ्याच्या गोठ्यात दिसावे, तसा.

"जे हमाओ है," ती म्हणाली. "सरकार, जे सोरा हमाओ है. हाथीखाने की भीत को. ऐसो कड़वो सोरा और कहूँ नाहीं होत."

गढीतला जुना हत्तीखाना! तिथली माती खरवडण्याची मुभा गेल्या उन्हाळ्यात एकट्या रामदेईला होती, तो शोरा तिने आपल्या हाताने दारूखान्याच्या दाराशी पोचवला होता, आणि आज तोच शत्रूच्या गोळ्यातून गढीत परत आला होता. हैबतरावांना एवढे कळायला वेळ लागला नाही. त्यांची नजर पंतांकडे वळली.

"बाईजातीच्या जिभेवर ब्राह्मणाचा न्याय करणार, किल्लेदारसाहेब?" पंत म्हणाले. उपरणे सावरीत ते दरवाजाकडे वळले. "माझ्या संध्येची वेळ झाली. कावड निघायची आहे."

कावड खरोखरच दरवाजाशी उभी होती. दोन कावडकरी, चार हंडे.

"हंडे उघडा," हैबतराव म्हणाले.

एकही शिपाई हलला नाही. या गढीत तलवारीच्या तोंडी जाणारे तीनशे होते, सोवळ्याच्या फडक्याला हात लावणारा एक नव्हता. किल्लेदारांनी हुकूम दुसऱ्यांदा दिला. पहारेकरी एकमेकांकडे पाहू लागले. तुळोजीसुद्धा दोन पावले जाऊन थबकला. स्वतः हैबतराव पायरीपर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. मला या क्षणाची शिसारी येते. फुटू शकणारा गोळा छातीशी धरणारा माणूस ओल्या चिंधीला भितो!

रामदेई उठली. वीस हातांचे अंतर तिने जन्मात प्रथमच ओलांडले, कावडीशी गेली आणि फाटक्या बोटांनी पहिल्या हंड्याचे फडके ओढून काढले. "बाटवले! बाटवले!" पंत किंचाळले. तिने दुसरे काढले, तिसरे, चौथे. मग पहिला हंडा तिने पायाने कलंडवला.

पाणी सांडले नाही. पांढऱ्याशुभ्र, सुईसारख्या टोकदार खड्यांची रास फरशीवर सळसळत पसरली.

पुढचे पंतांनीच सांगितले. भाला गळ्याशी आला की ब्राह्मणही प्राकृतात बोलतो. रोज चार हंडे शोरा बाहेर जात होता, त्याची जागा मुदपाकखान्यातले मीठ घेत होते, आणि बदल्यात दलगंजनसिंहाने गढी पडताच पंतांना सहकुटुंब सुखरूप काशीस पोचवण्याचे वचन दिले होते. काशीला! पुण्य गाठी बांधायला! ज्या धन्याचे मीठ खाल्ले, त्याच मिठाने त्याच्या तोफा बुजवल्या, वर गंगास्नानाची आस. दारूखाना उघडला तेव्हा देवीच्या चौरंगामागे शोऱ्याचे सहा रांजण तेवढे उरले होते. तेवढ्यावर उद्याची लढाई निभावता आली असती.

येथे कोणाला वाटेल, की आता लगेच रामदेईला मान, पंतांना शासन आणि तोफांना दारू मिळाली असेल. तसे झाले नाही. पंतांना, ब्रह्महत्या नको म्हणून, खोलीत कोंडले आणि दूधभात पाठवला. आणि मग गढीवरचे उपाध्ये पुढे सरसावले. हंड्यांना लोनिणीचा स्पर्श झाला, रांजणांतला शोरा चाखून पाहायला तिला आत नेले, तेव्हा दारूखाना बाटला. देवी कोपेल, उद्या तोफा डागाव्या कशा? शुद्धी झालीच पाहिजे. सगळ्या शोऱ्यावर गोमूत्र शिंपडून तो मंत्रवलेल्या पाण्याने धुऊन काढावा.

तुळोजी ओरडला, "अहो, धुऊन काय काढता! पाण्यात विरघळेल तो!"

"खडाच आहे तो," उपाध्ये शांतपणे म्हणाले. "सुकला की पूर्ववत."

या लोकांनी जन्मभर शोऱ्यावर राज्ये केली होती, शोरा होताना कधी पाहिला नव्हता. पाहायला लोनियांच्या वस्तीत जावे लागले असते. हैबतराव घुटमळले, तुळोजीकडे पाहिले, उपाध्यांकडे पाहिले, आणि मान खाली घालून म्हणाले, "धर्माचे आधी होऊ द्या."

भर दुपारी मंत्रघोषात चार हंडे आणि सहा रांजण शोरा दगडी चौथऱ्यावर ओतला गेला आणि त्यावर घागरीमागून घागरी रिकाम्या झाल्या. मूत मुरलेल्या मातीतून जो काढला, त्याला शुद्ध करायला गोमूत्र! पाहता पाहता रास खचली, पाझरली, नाहीशी झाली. उपाध्ये मंत्र विसरून ओल्या दगडाकडे पाहत राहिले. गढीचे शेवटचे बळ मोरीतून वाहून गेले होते.

मोरीतून. आणि मोरीचे तोंड कुठे उघडत होते, ते मी आरंभीच सांगितले आहे.

रामदेईने मंत्रघोष ऐकला तेव्हाच ओळखले. तिने तीस घरांच्या बायका मोरीच्या तोंडाशी उभ्या केल्या. मडकी, परात, काहील, पखाल, जे हाती लागले ते. गढीची सगळी घाण दोन महिने त्यांच्या अंगावर आली होती; आज त्याच वाटेने शेणकाल्यात, खरकट्यात, केसांच्या गुंतवळ्यांत मिसळून शोरा आला. त्यांनी थेंब सोडला नाही. तो गढूळ घाणेरडा रस फडक्यांतून गाळला, मोडक्या खाटा नि दारे फोडून चुली पेटवल्या, आणि काहिली कढत ठेवल्या. रामदेई एका काहिलीकडून दुसरीकडे जात बोट बुडवून चाखत होती. ते पाणी कशाकशाने भरले होते ते तिला ठाऊक होते. दोनदा ती बाजूला जाऊन ओकली, तोंड पुसून परत आली, पुन्हा चाखू लागली. शौर्य म्हणतात ते हेच, अशी माझी पक्की समजूत आहे. उजाडता उजाडता निवलेल्या काहिलींच्या बुडाशी मळकट सुया चमकल्या. तुळोजीकडे कोळसा नि गंधक होतेच.

सूर्योदयाला राजपूत शिड्या घेऊन निर्धास्तपणे आले. तोफांत मीठ आहे, हे त्यांना पंतांकडून कळले होते. काही तर हसत होते. त्यांना अगदी खंदकाच्या काठावर येऊ देऊन तुळोजीने आठही तोफांना बत्ती दिली. बेहडांत तो धडाका किती वेळ घुमत राहिला. दुसऱ्या सरबत्तीनंतर शिड्या टाकून पळापळ झाली, आणि तिसऱ्या दिवशी दलगंजनसिंहाने वेढा उठवला.

विजयाचा दरबार भरला. उपाध्यांना शालजोडी मिळाली. त्यांच्या शुद्धीमुळे दारूला तेज चढले, असे पुण्याच्या खलित्यात लिहिले गेले. भिकाजीपंतांना हद्दपार केले, म्हणजे काशीच्या वाटेला लावले. त्यांना हवे होते तेच. शेवटी हैबतरावांनी रामदेईला बोलावले. ती वीस हातांवर उभी राहिली. किल्लेदारांचे डोळे ओलावले होते, ते खोटे नव्हते. त्यांनी चांदीचे कडे उचलले. आणि ते द्यायला पायऱ्या उतरले नाहीत. तिच्या पुढ्यात धुळीत फेकले.

"रामदेई, मागणे असेल ते माग," ते म्हणाले.

"खत में लिखो सरकार, कै रामदेई के सोरा में नोन नाहीं हतो."

हैबतरावांनी उपाध्यांकडे पाहिले. उपाध्यांनी खलित्याकडे. खलिता मोहोरबंद झाला होता. "पुढच्या पत्री लिहू," किल्लेदार म्हणाले.

रामदेई खाली वाकली. सगळ्यांना वाटले, कडे उचलते आहे. तिने कड्याशेजारची चिमूटभर माती उचलली, सदरेच्या पायरीलगतची, जिभेवर ठेवली, थोडा वेळ चाखली आणि थुंकून टाकली.

"जा माटी में कछू नाहीं," ती म्हणाली आणि वळली.

तिचे 'नाही' म्हणजे काय, ते तीस घरांना ठाऊक होते. त्याच दिवशी काहिली डोक्यांवर घेऊन सगळे लोनिये यमुना उतरून गेले. किल्लेदारांनी माणसे पाठवली, आर्जवे केली, दुसऱ्या परगण्यांतून लोनिये बोलावले. एकही आला नाही. हत्तीखान्याच्या भिंतीवर पुढल्या उन्हाळ्यात पांढरी खपली हातभर फुलली, आणि तिला खरवडणारे कोणी नव्हते. दलगंजनसिंह पुन्हा आला तेव्हा गढीच्या आठ तोफा गप्प होत्या. हैबतराव तलवार हातात घेऊन पूर्व बुरुजावर पडले.

ते कडे किती तरी दिवस सदरेपुढे धुळीत तसेच पडून होते. तिच्यासाठी टाकलेले, म्हणून कोणी त्याला हात लावीना.